डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी : काळाआजाराला औषध देणारे कलकत्तेकर

कोलकात्याच्या पार्क स्ट्रीट भागात लाउडन स्ट्रीट नावाचा एक रस्ता आहे. निदान आपण सगळे त्याला अजून लाउडन स्ट्रीटच म्हणतो. टॅक्सीवाल्यालाही तेच नाव समजते. पाटीवर मात डॉ. यू. एन. ब्रह्मचारी स्ट्रीट असे लिहिलेले असते. महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त येथे येऊन राहिलेल्या आपल्यासारख्या मंडळींपैकी किती जणांना हे ब्रह्मचारी कोण, असा प्रश्न पडला असेल कोणास ठाऊक. नावावरून कुणी संन्यासी किंवा मठाधिपती असावेत असे वाटते. प्रत्यक्षात हे गृहस्थ संसारी होते आणि डॉक्टर होते. ब्रह्मचारी हे त्यांचे आडनाव. आसाम, बंगाल आणि बिहारमधील काही लाख माणसांचे प्राण ज्या औषधाने वाचले, ते औषध त्यांनी शियालदहच्या एका लहानशा खोलीत तयार केले. स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकांची मुले आज वैद्यकीय, औषधनिर्माण किंवा परिचर्या शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेत आहेत. त्यांनी तर हे चरित्र जरूर वाचावे.

उपेंद्रनाथांचा जन्म १९ डिसेंबर १८७३ चा. घराणे मूळचे बर्दवान जिल्ह्यातील पूर्वस्थळी भागातले. वडील डॉ. नीलमणी ब्रह्मचारी हे ईस्ट इंडियन रेल्वेच्या सेवेत डॉक्टर होते आणि त्यांची नोकरी बिहारमधील जमालपूरला होती. तेव्हा उपेंद्रनाथांचे बालपण रेल्वेच्या वसाहतीत गेले आणि शाळाही तिथलीच. बदलीच्या आणि वसाहतीच्या वातावरणात वाढलेली मुले कशी असतात हे आपल्यातील रेल्वेवाल्यांना वेगळे सांगायला नको. आपल्या मुलखाबाहेर, चार प्रांतांच्या माणसांत, वडिलांच्या हुद्द्यावरून ओळखली जाणारी ती मुले. वडील डॉक्टर म्हणून मुलगाही डॉक्टर, असा हिशेब मात्र सरळ जमला नाही. उपेंद्रनाथांना ओढ होती गणिताची. १८९३ साली हुगळीच्या कॉलेजातून ते बी. ए. झाले ते गणित आणि रसायनशास्त्र हे विषय घेऊन, आणि गणितातील प्रावीण्याबद्दल त्यांना पदकही मिळाले. पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजात ते रसायनशास्त्राकडे वळले. तेथे प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे शिक्षक होते. १८९४ साली रसायनशास्त्रात एम. ए. झाल्यावर एखाद्याने प्राध्यापकी पत्करून स्वस्थ बसावे. पण यांनी मेडिकल कॉलेजचा अभ्यास हाती घेतला. १८९९ मध्ये एल. एम. एस. आणि १९०० मध्ये एम. बी. ही पदवी त्यांनी मिळवली, तीही वैद्यक आणि शस्त्रक्रिया या दोन्ही विषयांत विद्यापीठात पहिले येऊन.

येथे थोडे थांबून त्या काळचे विद्यापीठ म्हणजे काय होते हे सांगायला हवे. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन सरकारी विद्यापीठे एकाच वर्षी, १८५७ साली स्थापन झाली. पहिली कित्येक दशके ही विद्यापीठे शिकवत नसत, फक्त परीक्षा घेत आणि पदव्या देत. शिकवायचे ते कॉलेजांनी. एम. बी. पर्यंत ठीक होते, कारण त्यासाठी मेडिकल कॉलेज होते, वॉर्ड होते, प्रोफेसर होते. त्यापुढे एम. डी. व्हायचे असेल तर आजच्यासारखी निवासी डॉक्टरची जागा, विद्यावेतन, मार्गदर्शक, प्रबंधाचे वेळापत्रक असे काही नव्हते. ज्याला हौस असेल त्याने आपली नोकरी सांभाळून, आपल्याच रुग्णांवरून आणि आपल्याच पुस्तकांवरून अभ्यास करायचा आणि परीक्षेला बसायचे. पास झालात तर पदवी, नाही तर तुम्ही आणि तुमचे नशीब.

उपेंद्रनाथांनी नेमके हेच केले. प्रांतिक वैद्यकीय सेवेत त्यांची नेमणूक झाली होती आणि १९०१ साली त्यांना ढाक्याच्या वैद्यकीय शाळेत विकृतिशास्त्र व औषधिशास्त्र शिकवायला पाठवण्यात आले. तेथे शिकवता शिकवता, रुग्ण तपासता तपासता १९०२ मध्ये ते एम. डी. झाले. त्या काळी एवढ्यावर थांबणे अगदी रीतीचे झाले असते. एम. डी. झालेला डॉक्टर म्हणजे वजनदार माणूस, खाजगी व्यवसाय जोरात चालला असता. त्यांनी मात्र लगेच दुसरा अभ्यास सुरू केला आणि १९०४ साली त्याच कलकत्ता विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली. विषय होता रक्तातील तांबड्या पेशी फुटण्याच्या क्रियेचा. तांबडी पेशी कशाने फुटते, कुठल्या द्रवात टिकते, कुठल्या द्रवात विरघळून जाते, याचा तो बारकाईचा अभ्यास. डॉक्टरकी करणाऱ्या माणसाला याचा काय उपयोग, असे त्यांच्या सहकाऱ्यांना वाटले असेल तर नवल नाही. मला मात्र असे वाटते की त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाची गुरुकिल्ली या चार-पाच वर्षांत आहे. गणिताची शिस्त, रसायनशास्त्राची एम. ए., रुग्णशय्येजवळचा एम. डी. आणि रक्तावरचा प्रबंध, या चार गोष्टी एका माणसात एकत्र आल्या. त्या काळी हिंदुस्थानातच काय, विलायतेतही अशी माणसे मोजकी होती.

१९०५ साली त्यांची बदली कलकत्त्याला झाली, शियालदहच्या कॅम्बेल मेडिकल स्कूलमध्ये. शियालदह स्टेशनाशेजारचे आजचे नीलरतन सरकार मेडिकल कॉलेज म्हणजे तेव्हाचे कॅम्बेल. ही संस्था विद्यापीठाचे कॉलेज नव्हती. खालच्या दर्जाचा परवाना देणारी ती शाळा होती आणि तिचे रुग्णालय गरिबांचे होते. संशोधनाच्या जागा, प्रयोगशाळा, साधने हे सगळे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील गोऱ्या अधिकाऱ्यांकडे. एम. डी., पीएच. डी. असलेला हा बंगाली डॉक्टर प्रांतिक सेवेतला, म्हणून त्याच्या वाट्याला शिकवणे आणि वॉर्ड. ही तक्रार त्यांनी उगाळत बसल्याचे दिसत नाही. १९२३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अठरा वर्षे, ते त्या रुग्णालयात राहिले आणि तिथल्या खाटांवर त्यांना भेटला तो काळाआजार.

आपल्या महाराष्ट्रात हा रोग फारसा माहीत नाही. पूर्व भारतात मात्र जुनी माणसे अजून त्याचे नाव दबक्या आवाजात घेतात. महिनोन्‌महिने ताप येतो, पाणथरी वाढून पोट मडक्यासारखे होते, हातपाय काटक्या होतात, रक्त कमी होते, कातडी काळवंडते. शेवटी न्यूमोनिया किंवा जुलाबाचे निमित्त होऊन माणूस जातो. औषधाविना शंभरातले नव्वदाहून अधिक रुग्ण दगावत. आसामच्या नौगाव जिल्ह्यात १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत लोकसंख्या चौथ्या हिश्श्याने घटली, आणि त्याचे मुख्य कारण हा रोग होता. शेते ओस पडली, गावे उठली. पुष्कळ वर्षे डॉक्टर याला हट्टी मलेरियाच समजत आणि क्विनीन देत राहत. क्विनीनचा काही उपयोग होत नसे. १९०३ साली लीशमन याने दमदमहून आजारी होऊन गेलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत पाहिलेले जंतू जाहीर केले, त्याच वर्षी मद्रासला डोनोव्हन यालाही तेच जंतू दिसले आणि दोघांच्या नावावरून जंतूचे नाव पडले. हे दमदम म्हणजे आपण विमान पकडायला जातो तेच. शत्रू दिसला, पण तो माणसाच्या अंगात कसा शिरतो हे कळायला आणखी बरीच वर्षे लागली. वाळूमाशीवरचा संशय १९२४ मध्ये बळावला आणि तिच्या चाव्यातून रोग होतो हे स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी १९४२ साली सिद्ध केले.

उपाय म्हणून १९१५ च्या सुमारास सिसिलीत आणि मग हिंदुस्थानात टार्टार इमेटिक हे अँटिमनीचे जुने संयुग शिरेतून देऊ लागले. त्याने काही रुग्ण बरे होत, हे खरे. पण इंजेक्शने दोन-तीन महिने चालू ठेवावी लागत, रुग्ण खोकून आणि ओकून हैराण होई आणि काही जण रोगाऐवजी औषधानेच जात. गरीब मजूर तीन महिने रुग्णालयात कसा राहणार? चार सुया टोचून घेऊन तो गावी पळे आणि तिथे मरे.

उपेंद्रनाथांच्या डोक्यातील रसायनशास्त्रज्ञ येथे जागा झाला. जर्मनीत एर्लिखने १९१० साली सोमलाला सेंद्रिय संयुगात बांधून उपदंशावर औषध आणले होते. अँटिमनी हे मूलद्रव्यांच्या तक्त्यात सोमलाच्याच रांगेत, त्याच्या खाली बसते. मग सोमलाच्या जागी अँटिमनी बांधता येईल का? प्रथम त्यांनी टार्टार इमेटिकमधील पोटॅशियमच्या जागी सोडियम घालून पाहिले, मग अँटिमनी धातूची अगदी बारीक पूड करून ती द्रवात देऊन पाहिली. पूड उपयोगी होती, पण ती करणे कटकटीचे आणि टिकवणे त्याहून कठीण. १९१९ च्या अखेरीस इंडियन रिसर्च फंड असोसिएशनकडून त्यांना अनुदान मिळाले. हीच संस्था पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद झाली.

अनुदान मिळाले तरी खोली तीच राहिली. कॅम्बेलमधील ही खोली इतकी साधी होती की तीत गॅस नव्हता, पाण्याचा नळ नव्हता, विजेचा दिवा नव्हता. दिवसभर वॉर्ड आणि वर्ग उरकून रात्री कंदिलाच्या धुरकट उजेडात ते काम करीत. आपल्या एखाद्या मुलाने प्रयोगशाळेतले एसी बंद आहे म्हणून तक्रार केली तर त्याला ही खोली अवश्य सांगावी! १९२० साली अशाच एका रात्री, दहाच्या सुमारास, त्यांना हवे होते ते संयुग हाती आले. सेंद्रिय अँटिमनी आम्लाला युरियाची जोड देऊन केलेले हे औषध पाण्यात चांगले विरघळत होते आणि आधीच्या औषधांइतके विषारी नव्हते. त्याचे नाव त्यांनी युरिया स्टिबामाइन ठेवले. ती रात्र आणि ती खोली त्यांनी शेवटपर्यंत आनंदाने आठवली.

ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णांचा वृत्तान्त इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी शिलाँगच्या पाश्चर संस्थेत डॉ. शॉर्ट यांनी औषध वापरून पाहिले आणि अनुकूल मत दिले. तीन महिन्यांचे उपचार दोन-तीन आठवड्यांवर आले. शंभरात नव्वद मरत होते तेथे शंभरात नव्वद जगू लागले. आसाम सरकारने मोठ्या प्रमाणावर औषध विकत घेऊन चहामळ्यांत आणि खेड्यांत दवाखाने उघडले. मजूर दोन आठवडे थांबू शकत होता, हीच खरी जीत होती.

पण औषध निघाले म्हणजे ते लगेच सगळ्यांच्या दारी पोहोचते असे नाही. बंगाली मुलांचे लाडके लेखक सुकुमार राय, म्हणजे सत्यजित राय यांचे वडील, १९२१ पासून काळाआजाराने अंथरुणाला खिळले होते. औषधाचा वृत्तान्त छापून वर्ष पुरे होण्याच्या आत, १० सप्टेंबर १९२३ रोजी, त्याच कलकत्त्यात ते गेले. वय पस्तीस. सत्यजित तेव्हा अडीच वर्षांचेही नव्हते. दोन-तीन वर्षांचा फरक पडला असता तर, असे बंगाली मित्र आजही हळहळून म्हणतात. कुठल्याही बंगाली घरात सुकुमार राय यांची पुस्तके असतात. ती चाळताना हा तपशील मला तरी विसरता येत नाही.

औषधाच्या यशाबरोबर वादही आले. संयुगाची नेमकी रासायनिक रचना काय, यावर पुष्कळ वर्षे तज्ज्ञांत काथ्याकूट चालला. जर्मनीहून आलेली अँटिमनीची दुसरी संयुगेही स्पर्धेत होती. उपेंद्रनाथांनी उत्तर दिले ते रुग्णांच्या आकड्यांनी. १९२४ साली त्यांनी कॉर्नवॉलिस स्ट्रीटवरील आपल्या राहत्या घरी स्वतःची संशोधन संस्था सुरू केली आणि तेथे औषध तयार होऊ लागले. १९२३ मध्ये त्यांची मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात नेमणूक झाली आणि १९२७ मध्ये ते सरकारी सेवेतून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर कारमायकेल मेडिकल कॉलेजात, म्हणजे आजच्या आर. जी. कर मध्ये, ते उष्ण कटिबंधातील रोग शिकवीत आणि ज्या विद्यापीठाने त्यांना पीएच. डी. दिली होती त्याच्याच विज्ञान महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचे मानद प्राध्यापक होते. एव्हाना आशुतोष मुखर्जींच्या प्रयत्नांनी कलकत्ता विद्यापीठ केवळ परीक्षा घेणारे राहिले नव्हते, तेथे पदव्युत्तर वर्ग आणि प्रयोगशाळा उभ्या राहिल्या होत्या. ढाक्यात एकट्याने अभ्यास केलेल्या या विद्यार्थ्याला त्या बाकांवर बसलेली मुले पाहून काय वाटले असेल!

त्यांची आणखी दोन कामे सांगण्यासारखी आहेत. रुग्णाच्या रक्ताच्या थेंबात शुद्ध पाणी घालून होणाऱ्या बदलावरून काळाआजार ओळखण्याची एक सोपी चाचणी त्यांनी काढली होती. प्रबंधासाठी रक्ताशी केलेली झटापट येथे उपयोगी पडली असावी. दुसरे असे की, १९२२ साली त्यांनी दाखवून दिले की काळाआजारातून बरे झालेल्या काही माणसांच्या कातडीवर पुढे चट्टे आणि गाठी येतात आणि त्यांत तेच जंतू असतात. माणूस हिंडता-फिरता असतो, ताप नसतो, म्हणून तो डॉक्टरकडे जात नाही. वाळूमाशी मात्र त्याला चावून रोग दुसऱ्याकडे नेऊ शकते. रोग संपत आला असे वाटत असताना तो पुन्हा डोके का वर काढतो, याचे एक महत्त्वाचे उत्तर या निरीक्षणात आहे आणि आजही आरोग्य कर्मचारी असे चट्टे शोधत घरोघर जातात. घराण्याच्या मूळ गावाकडची आठवण म्हणा, पण एकोणिसाव्या शतकात ज्या बर्दवानच्या तापाने गावेच्या गावे बसवली त्याचाही त्यांनी अभ्यास केला आणि त्यात मलेरियाबरोबर काळाआजारही होता असा निष्कर्ष काढला.

मानसन्मान पुष्कळ मिळाले. १९२४ मध्ये कैसर-इ-हिंद सुवर्णपदक, १९३४ मध्ये सर हा किताब, बंगालच्या एशियाटिक सोसायटीचे अध्यक्षपद. आपल्या मराठी वाचकांसाठी एक दुवा म्हणजे १९३६ साली इंडियन सायन्स काँग्रेसचे तेविसावे अधिवेशन होळकरांच्या इंदूरला भरले, त्याचे अध्यक्ष हेच उपेंद्रनाथ होते. वैद्यकाच्या अलीकडच्या प्रगतीत विज्ञानाचा वाटा हा त्यांच्या भाषणाचा विषय होता. आपल्या मंडळातील इंदूरकरांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून त्या अधिवेशनाच्या काही आठवणी ऐकल्या असतील तर पुढच्या स्मरणिकेसाठी अवश्य लिहून द्याव्यात. कलकत्त्यात रक्तपेढीचे काम सुरू झाले तेव्हा १९३९ नंतर त्यातही ते पुढे होते. रेडक्रॉसच्या बंगाल शाखेच्या व्यवस्थापनाचे ते पहिले भारतीय अध्यक्ष.

नोबेल मात्र मिळाले नाही. त्यांचे नाव १९२९ साली सुचवले गेले आणि पुन्हा १९४२ साली, या वेळी एकाहून अधिक जणांकडून. पण १९४० ते १९४२ ही तिन्ही वर्षे महायुद्धामुळे वैद्यकाचे पारितोषिक कुणालाच दिले गेले नाही. नोबेलची कागदपत्रे पन्नास वर्षे गुप्त ठेवतात, त्यामुळे हे तपशील फार उशिरा बाहेर आले. याच कलकत्त्यात १८९८ साली पक्ष्यांच्या मलेरियावर प्रयोग करणाऱ्या रोनाल्ड रॉसला १९०२ चे नोबेल मिळाले होते. पी. जी. हॉस्पिटलच्या भिंतीवर रॉसचे स्मारक आहे, ते आपल्यापैकी पुष्कळांनी येता-जाता पाहिले असेल.

६ फेब्रुवारी १९४६ रोजी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, उपेंद्रनाथांचे निधन झाले. स्वातंत्र्य दीड वर्षावर आले होते. त्यांच्या मुलांनी संस्था काही काळ चालवली, पुढे ती बंद पडली. युरिया स्टिबामाइनची जागा अँटिमनीच्या दुसऱ्या औषधांनी घेतली, आणि बिहारमध्ये ती औषधेही निष्प्रभ होऊ लागल्यावर आणखी नवी औषधे आली. २०१४ पासून आपल्याकडे एकाच दिवशी शिरेतून द्यायच्या एका औषधाच्या एका मात्रेवर उपचार होऊ लागले. तीन महिने, मग तीन आठवडे, आणि आता एक दिवस. बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल या चार राज्यांतील काळाआजाराच्या सर्व तालुक्यांत २०२३ च्या अखेरीस रुग्णांचे प्रमाण दर दहा हजार लोकांमागे वर्षाला एकाहून खाली आले होते. ते तसेच टिकवण्यासाठी चट्टेवाले रुग्ण शोधण्याचे काम अजून चालू आहे.